काजळीचे खूर: पुढे गेलेलं टोक, दबलेली टाच आणि एक वर्ष

घोड्याचा बिघडलेला खूर कापून सरळ करता येतो, हे अर्धंच खरं आहे. माणूस खालून कापतो. नीट खूर मात्र वरून, केसांच्या कडेपासून खाली उतरत येतो, आणि तोही महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर. टोकाकडचं कवच वरपासून जमिनीपर्यंत पूर्ण बदलायला नऊ महिने ते वर्ष जातं. टाचेला उंची कमी, म्हणून तिथे लवकर होतं. सुरुवातीलाच कुणी हे सांगितलं असतं तर माझ्या बऱ्याच रात्री शांत गेल्या असत्या. मराठीत यावर फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, नालबंदही नाही. घोडीचा कासरा धरून उभी राहणारी बाई, एवढीच माझी पात्रता.

काजळी ही माझ्या मामांची मारवाडी घोडी, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घेतलेली. मामांचे गुडघे गेल्यावर तिचं फिरणं बंद झालं, आणि 2024 च्या दिवाळीनंतर ती आमच्या फलटणजवळच्या शेतावर आली. सारंगखेड्याला मी मामांबरोबर गेले आहे. तिथे गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरे मोजतं, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) शोधतं, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का बघतं, दात उघडून वय काढतं, रेवाल चाल बघायला जनावर पळवून घेतं. पाय उचलून तळवा बघणारा माणूस मात्र मला दिसला नाही. लाखांचे सौदे होतात आणि चार खुरांकडे कुणी वाकूनही बघत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

काजळी डांबरी रस्त्यावर अडखळायची. लंगडत नव्हती, पण दहा-वीस पावलांत एकदा पुढचं टोक रस्त्याला लागून मान खाली जायची. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं की तिचा पुढचा पाय टोकावर पडतोय. निरोगी घोड्याची टाच आधी टेकते, किंवा निदान सगळा खूर एकदम टेकतो. तुमच्या जनावराबद्दल शंका असेल तर हा व्हिडिओ सगळ्यात आधी काढा. बाजूने, कॅमेरा जमिनीलगत धरून, कडक जमिनीवर. पुढे प्रत्येकाने मला तोच मागितला.

आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, श्रेणी-1 चा. केसपेपर काढला. पशुधन विकास अधिकारी संध्याकाळी घरी येऊन बघून गेले. त्यांचा दिवस गाईंच्या कासदाहात आणि रेतनात जातो, घोडं क्वचित. पण माणूस सरळ. म्हणाले, "ताई, दुखणं असेल तर मी थांबवीन. आकार बदलणं नालबंदाचं काम." त्यांनी धनुर्वाताची लस दिली, कारण घोड्याला धनुर्वात फार सहज होतो आणि खुराची लहानशी जखमही त्याला पुरते. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी कशी बघायची, तेही शिकवलं. एरवी ती जेमतेम लागते. ठळक उडू लागली आणि खूर गरम लागला, तर वाट न बघता फोन करायचा. मग त्यांनी खाण्याची चौकशी केली. आमच्याकडे उसाचं वाडं फुकट, आणि येणारा-जाणारा तिला लाडाने गूळ भरवायचा. दोन्ही त्या दिवसापासून बंद. जास्त साखरेने लॅमिनायटिस होऊ शकतो. त्यात खुरातलं हाड कवचाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, आणि ते सुटले तर हाड आतल्या आत फिरतं. गूळ बंद केल्यावर सासूबाई माझ्याशी दोन दिवस तुटक बोलत होत्या.

नालबंद मिळणं हा या सगळ्यातला सर्वांत कंटाळवाणा भाग. जिल्ह्यात घोडी आहेत, पण बहुतेक वरातीची. शेवटी बारामतीच्या एका वरातीच्या घोडीवाल्याने नंबर दिला. नालबंद चाचा फोनवर म्हणाले, एका घोडीसाठी येणं परवडत नाही, आणखी दोन-तीन जमवा. मी आसपासच्या गावांत विचारत फिरले. एका तालमीशेजारी एक घोडं निघालं, एका द्राक्षबागायतदाराकडे दोन. अशी जुळवाजुळव होऊन ते आले तेव्हा डिसेंबर निम्मा सरला होता.

चाचांनी आधी नाला काढल्या. वळवलेली खिळ्यांची टोकं एकेक सरळ केली आणि नाल ओरबाडून न काढता खिळे सुटे करत काढली. मग जुन्या नाला हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. दोन्ही टोकाला झिजून पातळ झालेल्या, डावी बाहेरच्या बाजूने जास्त. खूर धुतल्यावर मलाही दिसू लागलं. टोक लांब होऊन पुढे गेलेलं, टाच उभी राहायची सोडून पुढे लोळलेली, डाव्या खुराची बाहेरची कड खाली फाकलेली. खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार आणि वरच्या तिरक्या सांध्याचा उतार एका रेषेत हवा. काजळीची रेष केसांच्या कडेपाशी मोडून मागे पडत होती. दोन नंबर मोठी चप्पल घालून चालावं तशी ती चालत होती, आणि प्रत्येक पावलाला पायाच्या मागच्या शिरेवर (कंडरेवर) ताण येत होता.

मला वाटलं आता पक्कड निघेल. चाचांनी फक्त कडा घासल्या आणि सामान गुंडाळलं. "ताई, आत हाड कुठं बसलंय ते बघितल्याशिवाय मी टोक मागं घेणार नाही. फोटो काढून आणा." तेव्हा वैताग आला. आज वाटतं, कारागीर चांगला आहे हे मला तिथेच कळायला हवं होतं.

एक्स-रेसाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं ठरलं. पुण्याहून यंत्र घेऊन घरी येणारे घोड्यांचे डॉक्टरही आहेत, पण त्यांचा आकडा ऐकून मी पिकअप ठरवली. जनावराची गाडीतून वाहतूक करायची तर ते प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. 1978 च्या जनावर वाहतुकीच्या नियमांत ते आहे, आणि रस्त्यात कुणी गाडी थांबवली तर आधी तोच कागद मागतात. आता गंमत अशी की पायाच्या तक्रारीसाठी न्यायच्या जनावराला 'प्रवासाला योग्य' कसं लिहायचं? दवाखान्याच्या साहेबांनी तिला चालवून पाहिलं आणि लिहिलं, की चारही पायांवर पूर्ण भार घेते, उपचारासाठी नेत आहेत. घोडीचं वर्णन, रंग, खुणा, गाडीचा नंबर, कुठून कुठे, सगळं त्यात आलं. दाखला निघायच्या आदल्या दिवशी घ्या, फार आधी नको. त्याच्या दोन झेरॉक्स ठेवा. गाडीच्या पत्र्यावर वाळू आणि तिच्यावर उसाचं पाचट पसरा, नाहीतर वळणावर पाय घसरतात. चढायला फळी नसेल तर गाडी बांधाला लावा. पिकअपवाल्याने जाऊन-येऊन साडेतीन हजार घेतले.

महाविद्यालयात घोड्याची वेळ फोनवर आधी ठरवून गेलो, त्यामुळे रांग बैलांमागे असली तरी पुढे सरकली. एक्स-रेची तयारी बघण्यासारखी होती. दोन्ही पुढचे पाय सारख्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवले, म्हणजे यंत्राचा झोत खुराच्या तळाच्या रेषेत येतो आणि भारही समान राहतो. भिंतीच्या पुढच्या बाजूला एक तार चिकटवली. पडद्यावर ती पांढरी दिसते, म्हणजे बाहेरचं कवच आणि आतलं हाड यांत किती अंतर आहे ते मोजता येतं. थोडी गुंगी दिली होती. खूर आधी घासून धुवून न्या. खाचेत अडकलेला खडाही फोटोत दिसतो आणि डॉक्टरांचा वेळ खातो.

निकाल बरा आणि वाईट, दोन्ही. बरा यासाठी की हाड फिरलेलं नव्हतं. वाईट यासाठी की हाडाचा तळ जवळजवळ जमिनीला समांतर, म्हणजे मागची बाजू जेवढी उचललेली हवी तेवढी नाही. आणि तळवा पातळ. हाडाखाली तो 15 मिलिमीटर तरी असावा, काजळीचा 10 च्या आसपास. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: तळव्याला सुरी लावायची नाही, टोक पुढून मागे घ्यायचं, दर चार ते पाच आठवड्यांनी थोडं थोडं, सहा महिने तरी नाल नको. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोठ्यात टांगला. महाविद्यालयातला सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला.

संक्रांत झाल्यावर, जानेवारी 2025 मध्ये, पहिली खरी छाटणी झाली. इथे जरा सविस्तर सांगते.

चाचांनी पाय गुडघ्यांत धरला, आकड्याने खाचा साफ केल्या आणि खडूने तळव्याच्या सगळ्यात रुंद भागावर आडवी रेघ मारली. त्या रेघेपासून पुढे आणि मागे साधारण सारखंच अंतर असावं, हा त्यांचा आडाखा. काजळीचं पुढचं अंतर मागच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. मग पक्कड टाचेला लागली. मी घाबरून म्हटलं, "चाचा, टाच आधीच दबलेली आहे, ती का कापताय?" हा प्रश्न तुम्हालाही पडेल. टाच दबलेली दिसते, कारण तिचं शिंग, म्हणजे खुराचं कडक कवच, पुढच्या दिशेने आडवं वाढत गेलेलं असतं. ते कितीही वाढलं तरी उंच होत नाही, पुढेच सरकतं, आणि भार पेलायची जागा खुराच्या मध्याकडे जाते. ते लोळलेलं टोक थोडं कापलं की टेकायची जागा मागे येते, तळव्याच्या मधल्या त्रिकोणी फ्रॉगच्या रुंद टोकाजवळ. नवी टाच मग उभी वाढू शकते. कापलं किती, तर तीन-चार मिलिमीटर. जास्त कापलं तर मागच्या शिरेवर ताण आणखी वाढतो, म्हणून हात इथेच आखडता.

टोक खालून छाटलंच नाही. खालून छाटलं की तळवा पातळ होतो आणि आकार तसाच राहतो. पाय पुढे तिवईवर घेऊन कानशीने भिंत पुढून मागे नेली, आणि कड गोलसर घासली म्हणजे पाऊल उचलताना टोक लवकर सुटतं. डाव्या खुराची फाकलेली कड बाहेरून घासली, पण फक्त खालच्या एक-तृतीयांश भागात. वर घासलं तर भिंतच कमजोर होते. फ्रॉगला हात लावला नाही, फक्त लोंबणारी एक चिंधी काढली. तळाशी भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथली पांढरी रेघ डाव्या खुराच्या टोकाला ताणून रुंद झाली होती, तिथे माती भरलेली. ती हलक्या हाताने साफ केली, खोदली नाही.

पाय खाली ठेवल्यावर मी कौतुकाने बघितलं आणि निराश झाले. फरक जेमतेम दिसत होता. चाचा पाणी पीत म्हणाले, "आज इतकंच. बाकीचं तिला वाढवू द्या." आठशे रुपये आणि पेट्रोलचे तीनशे.

पहिले काही दिवस ती खडीवर पाय जपून टाकायची. गोठ्यापुढे वाळूचा थर टाकला आणि फिरवणं मऊ बांधावर ठेवलं. नाडी रोज सकाळी बघायचे. शेजारचे एक काका येता-जाता विचारत, "नाल कधी मारणार? अनवाणी घोडं कुणी ठेवतं का?" उत्तर देऊन देऊन मी शेवटी एक्स-रेचा फोटोच दाखवू लागले. त्यातलं काही न कळूनही माणूस गप्प होतो.

या काळात फोटोच आधार देतात. दर छाटणीच्या आधी आणि नंतर, खूर धुवून, मोबाईल अगदी जमिनीवर ठेवून: बाजूने, समोरून, मागून टाचेचा, आणि पाय उचलून तळव्याचा. जागा आणि अंतर तेच ठेवायचं. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. पाडव्याच्या सुमारास, मार्चअखेर, जानेवारीचा आणि तेव्हाचा फोटो शेजारी ठेवला तेव्हा केसांच्या कडेखाली साधारण दोन सेंटिमीटरची पट्टी वेगळ्याच उतारावर उतरलेली दिसली. ती जास्त उभी होती, आणि तिच्या खाली जुनी भिंत अजून पुढे पळत होती. भिंतीला सरळ मोड आलेला. मी तो फोटो मामांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, पण आवाज जड होता, म्हणून जास्त बोललो नाही.

उन्हाळा किरकिरीत गेला. जुन्या खिळ्यांची भोकं खाली उतरत आली आणि त्या जागी कडेचे तुकडे पडू लागले. मी घाबरून फोटो पाठवला. चाचा हसले, की भोकं गळून पडतायत म्हणजे खूर वाढतोय. ज्याने त्याने तेल सुचवलं, कुणी हळद-तेल, कुणी गेरू. डॉक्टरांच्या मते वरून लावलेल्या तेलाने आकार बदलत नाही, वाढीचा वेगही नाही. मी पैसे कानशीवर घातले. चाचांनी मला दोन छाटण्यांच्या मध्ये कडा गोल घासायला शिकवलं. फक्त कड. तळवा नाही, टाच नाही. हातमोजे घाला, कानस घोड्यापेक्षा आपल्याच बोटांना जास्त लागते.

मे महिन्यात लग्नसराईने घात केला. चाचा वरातीच्या घोड्यांत अडकले आणि आमची खेप जवळजवळ दोन महिन्यांवर गेली. टोक पुन्हा पुढे सरकलं, आणि अडखळणं, जे जवळपास थांबलं होतं, परत सुरू झालं. तेव्हापासून चाचा गाडीला किक मारायच्या आधी पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून घेते, आणि दुसऱ्या नालबंदाचा नंबरही जवळ ठेवलाय.

जूनच्या शेवटी माउलींची पालखी आमच्या भागातून गेली. चांदोबाच्या लिंबाजवळच्या रिंगणाला दरवर्षी जाते. अश्व धावून गेले की माणसं धावत जाऊन टापांखालची माती कपाळाला लावतात. मीही लावली. पण यंदा पहिल्यांदा माझी नजर टाच आधी टेकते की टोक, यावर होती. शेजारच्या आजींनी "काय बघतेस गं एवढी वाकून?" विचारलं तर काय सांगावं सुचेना.

पावसाने वेगळंच काम काढलं. आमची जमीन काळी, चिखल सुकत नाही. ऑगस्टमध्ये फ्रॉगच्या खाचेतून काळपट घाण आणि नाकाला झोंबणारा वास येऊ लागला. हा थ्रश. जागा सतत ओली आणि घाण राहिली की होतो. आणि खाच दुखली की जनावर टाच टेकायचं टाळतं, म्हणजे सहा महिन्यांच्या कामावर पाणी. डॉक्टरांच्या सल्ल्याने खाच रोज साफ करून, कोरडी करून, मोरचुदाच्या सौम्य द्रावणात भिजवलेला कापूस बसवायचा. मोरचूद मनाने घट्ट करू नका, जिवंत भाग भाजतो. खरा फरक मुरमाने पडला. गोठ्यापुढे दोन ब्रास मुरूम टाकून, दाबून, पाण्याला उतार काढला. या वर्षातला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च तोच, आणि सगळ्यात सत्कारणी लागलेलाही. हे मी पावसाळ्याआधी करायला सांगेन.

खंडेनवमीला सासूबाईंनी कोयता-खुरप्याच्या रांगेत माझी कानसही मांडली, हळदकुंकू लावून. गुळाचं भांडण तिथे मिटलं असं मी धरून चालते.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा दाखला, पुन्हा पिकअप, पुन्हा ठोकळे. हाडाची मागची बाजू आता तीनेक अंशांनी उचललेली आली, तळवा 14 मिलिमीटर. भिंतीवरची तार आणि हाड टोकापर्यंत जवळजवळ समांतर. डाव्या खुराची बाहेरची कड अजून थोडी फाकते. डॉक्टरांच्या मते तो पाय मुळातच किंचित बाहेर वळलेला आहे, म्हणून ती फाक कायम थोडी राहील आणि कायम घासावी लागेल. वाढलेल्या जनावराचा सांधा छाटणीने सरळ होत नाही. ते काम शिंगराच्या वयातच, पहिल्या काही महिन्यांत करता येतं. हे ऐकून वाईट वाटलं, पण निदान काय घासायचं आणि काय सोडून द्यायचं ते कळलं.

खर्चाचं विचारतात म्हणून: छाटण्या, दोन्ही वेळचे एक्स-रे आणि गाडी मिळून वीस हजारांच्या आसपास. मुरूम वेगळा. औषधं किरकोळ.

नाल मारायची का, हा प्रश्न आता पुन्हा आला आहे. मामांना ती डिसेंबरात सारंगखेड्याला न्यायची हौस आहे. डॉक्टर म्हणतात मऊ जमिनीवर फिरणार असेल तर गरज नाही, डांबरावर रोज चालणार असेल तर विचार करा. चाचा म्हणतात आणखी दोन खेपा थांबू. मी चाचांच्या बाजूने आहे, मामांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या पायांची छाटणी आता पाच आठवड्यांनी, मागच्यांची सात-आठ आठवड्यांनी. फलटण-लोणंद पट्ट्यात कुणाकडे घोडं असेल तर आमच्या खेपेत सामील व्हा, पेट्रोलचे पैसे वाटले जातील. चाचा आधी दोन्ही पुढच्या खुरांचा बाजूने काढलेला फोटो मागतात, तेवढा तयार ठेवा. आणि खूर धुऊन काढा, चिखलाचा फोटो पाठवला तर ते फोनच उचलत नाहीत.